स्कॉटची मांजर आणि नागझिऱ्याचा वाघ

डेटाबेसच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या पोरापोरींना जगभर वर्षानुवर्षं एकच किल्ली मिळत आली: युजरनेम 'स्कॉट', पासवर्ड 'टायगर'. ओरॅकलचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकलं की सरावासाठीचं हे खातं त्यात आयतंच असायचं. स्कॉट म्हणजे ब्रूस स्कॉट, ओरॅकल कंपनीच्या अगदी पहिल्या मोजक्या कर्मचाऱ्यांपैकी एक. आणि टायगर? त्यांच्या घरची मांजर. ज्या भंडारा जिल्ह्याच्या जंगलात खरे वाघ फिरतात, तिथल्या मुलांनीही मांजरीच्या नावानेच कुलूप उघडलं.

कुलूप उघडल्यावर आत मुख्य तक्ते दोन. एकात १४ कर्मचारी, दुसऱ्यात ४ विभाग. किंग नावाच्या साहेबाला पगार ५०००, स्मिथ नावाच्या कारकुनाला ८००. विभाग कुठले, तर न्यूयॉर्क, डॅलस, शिकागो आणि बोस्टन. लाखांदूर, पवनी, मोहाडीहून एसटीने येणाऱ्या मुलांनी या स्मिथचा पगार किती वेळा वाढवला असेल याची गणती नाही. प्रत्येक बॅच दहा टक्के वाढ देते, एक्स्टर्नल सर बघतात, मार्क देतात, आणि पुढच्या बॅचला स्मिथ पुन्हा ८०० वर हजर.

एवढं सगळं अमेरिकेचं कशाला, असं वाटतं ना? डेटाच्या अभ्यासक्रमातल्या जवळजवळ प्रत्येक धड्याला आपल्या जिल्ह्यात एकेक नमुना पडलेला आहे, आणि तो स्मिथच्या पगारापेक्षा नक्कीच रंगतदार आहे.

बीसीसीए म्हणजे टायपिंगची चूक नव्हे

आधी पदव्यांचा गुंता. भंडाऱ्याचं जे. एम. पटेल, तुमसरचं एस. एन. मोर ही महाविद्यालयं १९२३ साली सुरू झालेल्या, आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव असलेल्या नागपूर विद्यापीठाच्या छत्राखालची. या विद्यापीठात बीसीए आहे, बी.एस्सी.त कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी आहे, आणि शिवाय आहे बीसीसीए. मुंबई-पुण्याच्या माणसाला यातला एक 'सी' जास्तीचा वाटतो. पण तो वाणिज्याचा सी आहे: कॉमर्स आणि कॉम्प्युटर अॅप्लिकेशन एकाच पदवीत. जमाखर्चाचा पेपर आणि सी-प्रोग्रॅमिंगचा पेपर एकाच गुणपत्रिकेवर. त्याच्या पुढे पीजीडीसीसीए आणि एमसीएम. पूर्व विदर्भातल्या लग्नाच्या बायोडेटात ही अक्षरं इतकी रुळलेली आहेत की त्यांचा विस्तार विचारणारा पाहुणा लांबचा समजावा.

२०२४ पासून बीसीए-बीबीएच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटीही आली. आणि या सगळ्याच्या आधी, दहावी-बारावीच्या सुट्टीत उरकून टाकायची एमएस-सीआयटी. ती चालवणारं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ सालचं.

साडेचारशे फोटोंत एक वाघ

डेटा सायन्स शिकताना सर सांगतात की कामाचा मोठा हिस्सा डेटा साफ करण्यात जातो. पोरांना ते खरं वाटत नाही. त्यांना व्याघ्रगणनेचे आकडे दाखवावेत.

२०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो आले ३,४८,५८,६२३. त्यांतले वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक. त्यांतून वेगवेगळे वाघ निघाले २,४६१, बच्चे सोडून. गिनीज बुकाने कॅमेरा-ट्रॅपने केलेली सर्वांत मोठी वन्यजीव पाहणी म्हणून याची नोंद केली.

एकच वाघ दोनदा मोजला गेला नाही हे कसं कळतं? पट्ट्यांवरून. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणून पट्टे म्हणजे वाघाची प्रायमरी की, प्रत्येकाची वेगळी ओळख. गंमत पुढे आहे. एकाच वाघाचे डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टेही वेगळे असतात. डावीकडून काढलेला एक फोटो आणि उजवीकडून काढलेला एक फोटो यांवरून तो एक वाघ की दोन, हे सांगता येत नाही. म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. तिथे झाडाला बांधलेली ती छोटी पेटी दिसली तर तिची जोडीदारीण समोरच्या झाडावर शोधा, सापडेल. पूर्वी ही गणती पाऊलखुणांवरून, म्हणजे मातीत उमटलेल्या पंज्याचा ठसा काचेवर गिरवून व्हायची. एकाच वाघाचा पंजा ओल्या मातीत वेगळा आणि कोरड्या धुळीत वेगळा उमटतो, हे लक्षात यायला बराच काळ गेला.

आणि 'जय'. नागझिऱ्यात वाढलेला हा धिप्पाड नर २०१३ मध्ये निघाला आणि उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात जाऊन राजा झाला. त्याला पाहायला पर्यटकांची रीघ लागली. मग गळ्यात रेडिओ कॉलर आली, म्हणजे वाघ स्वतःच चालताबोलता डेटा पाठवू लागला. एप्रिल २०१६ मध्ये सिग्नल थांबला. जंगलं पालथी घातली गेली, जय सापडला नाही. त्याच्या ओळीत शेवटच्या रकान्यात काय लिहायचं? 'मृत' लिहिता येत नाही, 'जिवंत' लिहिता येत नाही. त्या रकान्यासाठी डेटाबेसवाल्यांनी एक खास गोष्ट करून ठेवली आहे.

शून्य वेगळं, 'नल' वेगळं

ती गोष्ट म्हणजे 'नल'. नळाशी संबंध नाही. 'नल' म्हणजे माहिती नाही. शून्य म्हणजे माहिती आहे आणि ती शून्य आहे. तोंडी परीक्षेतला हा ठरलेला प्रश्न आणि त्यात गडबडण्याची रीतही ठरलेली.

विदर्भातल्या मुलांनी गडबडू नये, कारण आपल्याकडे रिठी गावं आहेत. महसुली दप्तरात गावाचं नाव आहे, हद्द आहे, गट नंबर आहेत, सातबारे निघतात, पण वस्ती एकाही घराची नाही. लोकसंख्येच्या रकान्यात ठणठणीत शून्य. हे शून्य खरं शून्य: मोजून बघितलं, कोणी नाही. उलट ज्या गावात मोजणारा पोचलाच नाही, तिथे 'नल'.

स्कॉटच्या तक्त्यातही एक रिठी गाव आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. बोस्टनचा ४० नंबरचा विभाग. नाव आहे, गाव आहे, कर्मचारी एकही नाही. दोन तक्ते साधेपणाने जोडले की तो विभाग यादीतून गायब होतो. 'आउटर जॉइन' लावला तरच दिसतो. तेवढं शिकवायला तो अगदी सोयीचा. आणि किंग साहेबाच्या 'वरिष्ठ कोण' या रकान्यात 'नल' आहे. सर्वांत वरच्या साहेबाला साहेब नसतो, रकाना लागूच होत नाही; 'नल'चा हा दुसरा अर्थ.

कॅलिफोर्नियात एका हौशी माणसाने गाडीची नंबरप्लेटच 'नल' अशी घेतली. यंत्रणेला आपण दिसणारच नाही, असा त्याचा होरा. झालं उलटं: ज्या ज्या पावतीवर गाडीचा नंबर लिहायचा राहिला होता, ते सगळे दंड याच्या नावावर येऊन पडले. बारा हजार डॉलरच्या वर.

जिल्हा एक्सेलमध्ये मावत नाही

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४. एक्सेलच्या एका शीटमध्ये ओळी १०,४८,५७६, म्हणजे दोनचा विसावा घात. एका माणसाला एक ओळ दिली तर १,५१,७५८ माणसं शीटच्या खाली उभी राहतात. जुन्या एक्सेलमध्ये तर ६५,५३६ च ओळी होत्या. त्यात हा जिल्हा बसवायला १९ शीट लागले असते. विदर्भातला आकाराने लहान जिल्हा म्हणून कोणी हिणवलं तर हे उत्तर तयार ठेवा.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही, बरं का. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून सुटले, कारण कुठेतरी मध्ये जुन्या पद्धतीची एक्सेल फाईल वापरली जात होती आणि ओळी संपल्यावर तिने पुढचे रुग्ण मुकाट्याने सोडून दिले. श्रीमंत देश, नामांकित संस्था, आणि घोटाळा शीट भरल्याचा. डेटाबेस कशाला शिकायचा, एक्सेल येतं की, असं म्हणणाऱ्या काकांना हा किस्सा सांगावा.

थोरला डोंगरी, धाकटा डोंगरी

तुमसर तालुक्यात मॅंगनीजची खाण आहे, मॉइल कंपनीची. गावाचं नाव डोंगरी बुजुर्ग. हे 'बुजुर्ग' आणि त्याच्या जोडीचं 'खुर्द' म्हणजे जुन्या दप्तराने केलेली सोय: एकाच नावाची दोन गावं आली की थोरल्याला बुजुर्ग, धाकट्याला खुर्द. सातबाऱ्यावर 'बु.' आणि 'खु.' एवढंच उरलं. नाव दोनदा येतं म्हणून दुसरा रकाना जोडून ओळख पक्की करायची, याला आता कंपोझिट की म्हणतात आणि त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो.

रेल्वेची तऱ्हा निराळी. स्टेशनाचं नाव भंडारा रोड, पण ते आहे वरठीत. शहराला जायचं तर पुढे ऑटो. म्हणजे नावावर विसंबलात की फसलात. कोड बघा, बीआरडी. तुमसर रोडचा टीएमआर. आणि शेजारच्या गोंदियाचा थाट पाहा: कोड फक्त एक अक्षर, जी. नागपूरलाही तीन अक्षरं लागतात.

आपल्या जिल्ह्याला तर आकड्यांची बिरुदं मुबलक. गाडीला एमएच ३६. जनगणनेत जिल्हा क्रमांक ५०६. महाराष्ट्राचा जनगणनेतला क्रमांक २७, आणि बाजारातल्या कुठल्याही दुकानाच्या पावतीवर जीएसटी क्रमांकाची सुरुवात बघा, तोच २७ तिथे बसलेला दिसेल.

एक सापळा मात्र आहे. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. त्यामुळे १९९१ चा भंडारा आणि २००१ चा भंडारा यांचं नाव एकच, भूभाग वेगळा. दोन्ही आकडे शेजारी मांडून आलेख काढला तर दहा वर्षांत अर्धी माणसं गेली कुठे, असा थरारक शोध लागतो. प्रोजेक्टच्या वायव्हात असा शोध लावलेला चांगला नाही.

आणि एका-अनेक नात्याचं, म्हणजे वन-टू-मेनीचं उदाहरण हवं असेल तर विभाग आणि कर्मचारी कशाला? १९५० च्या दशकात भंडारा हा द्विसदस्य लोकसभा मतदारसंघ होता: मतदारसंघ एक, खासदार दोन. १९५४ च्या पोटनिवडणुकीत इथून अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. आजचा एका मतदारसंघाला एकच खासदार धरून बनवलेला तक्ता १९५४ च्या भंडाऱ्यावर लावला तर पहिल्याच झटक्यात मोडेल.

संस्कृत कवीने केलेली की

पिनकोड कोणी बनवला? श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. डाक-तार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारे मराठी गृहस्थ. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. देशाचे आठ भौगोलिक विभाग, आणि नववा सैन्याच्या टपालासाठी. भंडाऱ्याचा ४४१९०४ सोडवून पाहा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा पट्टा, ४४ म्हणजे विदर्भ, ४४१ म्हणजे टपाल वेगळं करण्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे. डावीकडून एकेक अंक वाचत गेलं की नकाशा लहान होत जातो. एकाच नावाच्या गावांची पत्रं भलतीकडे जात होती, पत्ते अनेक भाषांत आणि लिप्यांत येत होते. त्यावर काढलेला तोडगा. खुर्द-बुजुर्गाचाच प्रश्न, देशाच्या आकाराचा.

आता खिशातलं पॅनकार्ड काढा. चौथं अक्षर पी असेल, म्हणजे तुम्ही व्यक्ती आहात, कंपनी नाही. पाचवं अक्षर तुमच्या आडनावाचं पहिलं. मेश्राम असाल तर एम, बावनकुळे असाल तर बी. लग्नानंतर नाव बदललं तरी जुना क्रमांक कायम राहतो, त्यामुळे कित्येक जणींच्या कार्डावर माहेरचं अक्षर जन्मभर मुक्कामाला.

आधारची गंमत शेवटच्या अंकात. बारा अंकांपैकी अकराच खरे. बारावा आधीच्या अकरांवरून हिशेब करून काढलेला असतो. व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली ही युक्ती. एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, म्हणजे ७४ चं ४७ झालं, की कॉम्प्युटर लगेच म्हणतो, असा क्रमांकच असू शकत नाही. सेतू केंद्रातल्या पोराने टाइप करताच लाल अक्षरं येतात ती यातूनच. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला महाराष्ट्रातच दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना.

एसटीडी कोड आणि देवळालीचे मास्तर

पहिल्या वर्षाला लूप शिकवताना एक प्रोग्रॅम हमखास लिहायला देतात: कापरेकरांचा. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतले शिक्षक. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येणारच.

भंडाऱ्याचा एसटीडी कोड ०७१८४. पुढचं शून्य काढा, उरले ७१८४. पहिली वजाबाकी ८७४१ उणे १४७८, उत्तर ७२६३. मग ५२६५, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सहाव्या फेरीला ६१७४. गोंदियाचा ७१८२ पाच फेऱ्यांत पोचतो. तुमसरचा ७१८३ मात्र तीनच फेऱ्यांत: ७३५३, ४१७६, ६१७४. तुमसरकर यावरून काय ते मिरवोत.

खंडीचा घोळ मंगळापर्यंत

धानाच्या जिल्ह्यात खंडी म्हणजे वीस, हे शाळेत न जाताही पाठ असतं. पण वीस काय? कुठे वीस मण, कुठे वीस कुडव. एकाने सांगितलं 'दहा खंडी झाले', दुसऱ्याने लिहून घेतले 'दहा खंडी', दोघांचं पोतं वेगळं. आकडा बरोबर, एकक हरवलेलं.

नासानेही हेच केलं. मंगळाभोवती फिरायला पाठवलेलं यान २३ सप्टेंबर १९९९ ला नष्ट झालं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात हिशेब देत होतं, दुसऱ्या बाजूचं तो न्यूटनमध्ये समजून घेत होतं. आपल्याकडच्या कुठल्याही दलालाने पहिला प्रश्न विचारला असता: खंडी कुठली?

आता धान विकायचा तर आधारभूत केंद्रावर ऑनलाइन नोंदणी, त्याला सातबारा, आणि सातबाऱ्यावर पीक दिसायला ई-पीक पाहणी. २०२१ पासून तलाठ्याऐवजी शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो, अक्षांश-रेखांशासकट. घरात एक बीसीएची मुलगी असेल तर हंगामात आख्ख्या मोहल्ल्याच्या पाहण्या तिच्या गळ्यात. त्याचे क्रेडिट मार्कशीटवर येत नाहीत.

एक शब्द, दोन भंडारे

हा मजकूर छापणाऱ्यांच्या डोकेदुखीचा. 'भंडारा' लिहायला सोपं. पण विभक्ती लागली की 'भंडाऱ्यात', आणि तिथे तो आडवा, पापणीसारखा अर्धा र येतो. संस्कृताला तो लागत नाही, हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो: एक, त्यासाठीचा वेगळा नुक्तेवाला ऱ वापरून; दोन, साध्या र ला हलन्त देऊन आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. साध्या शोधात एका 'भंडाऱ्यात'ला दुसरा 'भंडाऱ्यात' सापडत नाही.

'अॅप' आणि 'अॅडमिशन'मधल्या अॅची कथाही अशीच. मराठीत तो कधीपासून लिहिला जातो, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. त्यामुळे तोही दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. त्यात पवनीचं इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारे दिसतं. एका तालुक्याचे रुग्ण, विद्यार्थी किंवा शेतकरी मोजायला बसलं की आधी स्पेलिंगांची समेट घडवावी लागते. डेटा अॅनालिस्ट हे पद ऐकायला भारदस्त, पण दिवसाचा बराच वेळ या कामात जातो.

पवनीचंच निघालं म्हणून. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झालं, स्तूप निघाले, आणि दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नोंदी, बॅकअप न घेता शाबूत. पेनड्राइव्हवाल्यांनी खजील व्हावं.

बारशाच्या गमती, झटपट

ओरॅकलची पहिली आवृत्ती बाजारात आलीच नाही. १९७९ मध्ये विकायला आली ती थेट 'आवृत्ती दोन'. पहिली आवृत्ती कोण विकत घेणार, हा विचार.

मायएसक्यूएलमधली 'माय' ही निर्मात्याची मुलगी. धाकटीचं नाव मारिया, म्हणून नंतर मारियाडीबी. मॅक्स नावाचा मुलगा होता, त्याच्याही नावाने मॅक्सडीबी झाला. घरात भांडण नको.

हडूप हे नाव एका लहान मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीचं.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांचं सगळं शास्त्र मांडलं. त्यांचे 'बारा नियम' प्रसिद्ध आहेत. मोजले तर तेरा, कारण मोजणी शून्यापासून. नॉर्मलायझेशन हे नाव अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनशी संबंध 'नॉर्मल' करत होते त्यावरून सुचलं, असं ते पुढे गमतीने सांगत. निक्सन चीनला गेले १९७२ मध्ये, आणि शब्द १९७० च्या निबंधातच आहे. किस्सा छान आहे, तारखा ऐकत नाहीत.

चिठ्ठ्यांचा 'ग्रुप बाय'

१९०१ ची जनगणना. मध्य प्रांताचे अधीक्षक आर. व्ही. रसेल; याच गृहस्थांनी पुढे भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर संपादित केलं, ते १९०८ मध्ये निघालं. त्या गणनेत भारतात चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी, मग त्या चिठ्ठ्या खणांत टाकून गठ्ठे: बायका इकडे, पुरुष तिकडे, मग वय, मग धंदा. आज एसक्यूएलच्या एका ओळीत होणारा 'ग्रुप बाय' कारकुनांनी हातांनी केला. अमेरिकेत तोवर १८९० च्या जनगणनेला हॉलरिथच्या भोकं पाडलेल्या कार्डांची यंत्रं लागली होती, आणि त्याच धंद्यातून पुढे आयबीएम उभी राहिली. आपली पुढची जनगणना २०२७ ची आहे, डिजिटल. गणक मोबाइल घेऊन येतील. एक्सेलमध्ये भरू नका, एवढंच सांगणं.

मोठमोठ्या आकड्यांचा कंटाळा आला असेल तर सारस मोजायला चला. महाराष्ट्रात हा पक्षी गोंदिया-भंडाऱ्याकडेच टिकून आहे, आणि भंडाऱ्यात तर बोटांवर मोजण्याइतका. दरवर्षी पहाटे माणसं बांध्यांत जाऊन मोजतात. इतक्या छोट्या डेटात एक जोडी इकडची तिकडे उडाली तरी टक्केवारी निम्म्याने बदलते. संख्याशास्त्राच्या पुस्तकात लहान नमुन्याच्या धोक्यावर आख्खं प्रकरण असतं. इथे ते वैनगंगेच्या काठी चरताना दिसतं.

प्रोजेक्टला विषय हवाय?

शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्टची यादी लागते आणि त्यात लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, पुन्हा लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. कपाटात अशा इतक्या लायब्रऱ्या साठल्यात की त्यांच्यासाठीच एक सिस्टिम लागावी. नागपुरात राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, १९८८ पासूनचं. उपग्रहाच्या चित्रांवरून मामा (माजी मालगुजारी) तलावांचं पाणी महिन्यामहिन्याने मोजण्याचा विषय तिथून तास-दीड तासावर राहणाऱ्या मुलांनी घेतला नाही तर कोणी घ्यायचा? वैनगंगेवरच्या कारधा पुलाखालच्या पाण्याची पातळी आणि गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे, हाही विषय उघडाच पडलाय.

पण सर्वांत अवघड विषय दिवाळीनंतरचा. गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा. प्रत्येक गावाची एक मंडई, रात्री झाडीपट्टीचं नाटक नाही तर दंडार. शेजारच्या दोन गावांची एकाच दिवशी नको, नाहीतर गर्दी फुटते. आठवडी बाजाराच्या दिवशी नको. हवी ती नाटक कंपनी त्या रात्री मोकळी हवी. संगणकशास्त्रात याला ग्राफ कलरिंग म्हणतात: गाव म्हणजे ठिपका, दिवस म्हणजे रंग. शेजारच्या दोन ठिपक्यांना एक रंग द्यायचा नाही आणि कमीत कमी रंगांत भागवायचं. ठिपके वाढले की भल्याभल्या कॉम्प्युटरला घाम फुटतो. गावचे चार जाणते हे काम पारावर बसून, कागदाशिवाय, चहाच्या दोन फेऱ्यांत उरकतात. अल्गोरिदम लिहायला घेतलाच, तर त्यांना भेटून सगळ्या अटी नीट उतरवून घ्या. पहिली अट ते स्वतःहून सांगतील: सुनेच्या माहेरची मंडई आणि आपली मंडई एका दिवशी येता कामा नये.